गाळलेल्या राजधान्या

नाशिक, १० जून २०२४

मामा,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि समोर बसून ओरडले तरी निम्मं निसटतं. हे काम असं आहे की त्यात निम्मं निसटून चालणार नाही.

आमच्या प्रकाशनाच्या जागतिक संदर्भ-सूचीची नवी आवृत्ती दिवाळीला काढायची ठरली आहे. एकवीस वर्षं मी तिथे संपादक आहे, पण त्या पुस्तकाकडे मी कधी अभिमानाने बघितलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. या वेळी आमच्या मालकांना, ललितशेठना, एक नवा विभाग हवा आहे. देशांच्या राजधान्या सगळेच छापतात. आपण देशांच्या आतल्या राज्यांच्या आणि प्रांतांच्या राजधान्या द्यायच्या, साऱ्या जगाच्या. "मराठीत अशी यादी कुठे आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आहे. इगतपुरीला, माझ्या मामांच्या लोखंडी कपाटात, वह्यांमध्ये.

बाबा गेल्यावर आईने मला आठवीत तुमच्याकडे शाळेला ठेवलं, तेव्हा तुम्ही रोज ताट वाढायच्या आधी एक प्रांत विचारायचात. उत्तर आलं नाही तरी जेवायला मिळायचं, पण तुम्ही त्या दिवशी माझ्याशी बोलायचा नाहीत. आज ललितशेठसमोर ते सगळं आठवलं आणि फार बरं वाटलं. या खोलीत कोणाकडे नाही ते माझ्या घरात आहे, असं.

तुमचं नाव विभागाच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात जाईल. कळवा.

शैला

*

इगतपुरी, १५ जून २०२४

शैला,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही.

काम करतो. इथे आता ऑक्टोबरपर्यंत बाहेर पडणं होत नाही, भिंतींना पाणी सुटतं आणि वह्या तशाही वर काढून वाळवायच्याच होत्या. पण आधी नियम ठरवू. ज्या देशात कायद्याने प्रांत आहेत, त्या प्रत्येक प्रांताचा कारभार जिथून चालतो ती जागा म्हणजे राजधानी. बस, एवढंच. गाव मोठं की लहान, प्रसिद्ध की अप्रसिद्ध, आपल्याला त्याचं नाव उच्चारता येतं की नाही, हे बघायचं नाही. एका प्रांताच्या दोन राजधान्या असतील तर दोन्ही द्यायच्या. चंडीगडसारखं एकच शहर दोघांचं असेल तर दोनदा द्यायचं. शंका असेल तिथे तळटीप टाकायची.

तुमची गेली आवृत्ती वाचनालयातून आणवली. त्यात दहा-वीस प्रांत नमुन्याला दिले आहेत. न्यूयॉर्क राज्याची राजधानी न्यूयॉर्क छापली आहे. ती अल्बनी आहे. क्वीबेकची माँट्रिऑल छापली आहे. ती क्वीबेक हेच शहर आहे. मग त्याआधीची आवृत्ती बघितली. तिच्यातही तेच. तिच्याआधीची बघितली आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला किळस आली. चुकीची नव्हे, चुका मीही करतो. एकाने केलेली चूक पुढच्याने न बघता उतरवायची, आणि वर संदर्भ-सूची म्हणून विकायची, त्या निर्धास्तपणाची. तू तिथे एकवीस वर्षं आहेस म्हणून हे जरा सौम्य लिहिलं.

अमेरिका खंड आणि युरोप पंधरा दिवसांत पाठवतो. आफ्रिकेला वेळ लागेल, तिथले प्रांत दर काही वर्षांनी बदलतात. ते मी शेवटपर्यंत तपासलेले आहेत.

मामा

*

नाशिक, २२ जुलै २०२४

मामा,

तिन्ही गठ्ठे मिळाले. तुमचं अक्षर बघून आमची टाइपसेटर मनीषा म्हणाली, "मॅडम, हे छापायचं कशाला, असंच स्कॅन करून देऊ." ती हरसूलची आहे, फारशी बोलत नाही, त्यामुळे हे मोठंच प्रशस्तिपत्र समजा. आफ्रिकेचा गठ्ठा तर मी घरी नेऊन वाचला. नायजेरियाची छत्तीसच्या छत्तीस राज्यं, केनियाच्या सत्तेचाळीस परगण्यांची मुख्यालयं, आणि प्रत्येकापुढे तुम्ही कधी, कशावरून तपासलंत त्याची तारीख.

एक अडचण आहे. एकूण नावं साडेतीन हजारांच्या घरात जातात आणि पानं तेवढी देता येत नाहीत. परवा बैठक झाली. तीत अशी सूचना पुढे आली की एक लाखाहून कमी वस्तीची गावं गाळावीत. वाचकाला लहान गावांचा उपयोग नाही, आणि नियम सगळ्यांना सारखाच लागू होईल, असा विचार त्यामागे आहे. अजून काही पक्कं नाही. तुमचं मत कळवा म्हणजे मला पुढच्या बैठकीत मांडता येईल.

मी तुमच्या बाजूने भांडतेच आहे.

शैला

*

इगतपुरी, २६ जुलै २०२४

शैला,

तुमच्या एक लाखाच्या नियमाने काय होतं ते सांगतो. पणजी जाते. गेल्या जनगणनेत पणजी शहराची वस्ती चाळीस हजार होती. म्हणजे मराठी पुस्तकात गोव्याला राजधानी नाही. इटानगर जातं. कोहिमा जातं, कारण तिथे नऊशे एकसष्ट माणसं कमी पडतात. आणखी हजारभर लेकरं जन्माला आली असती तर नागालँडला राजधानी मिळाली असती. अमेरिकेत व्हरमाँटची मॉंटपेलियर जाते, आठ हजार वस्तीची. अलास्काची जुनो जाते. स्वित्झर्लंडची पाच सोडून सगळी उडतात.

माणसं मोजून राजधानी ठरवायची तर मुंबईखालोखाल पुणे घ्या, ठाणे घ्या, कारभार गेला उडत.

"सूचना पुढे आली" असं तू लिहिलं आहेस. सूचना स्वतःच्या पायांनी चालत येत नाही. कोणीतरी तोंड उघडून ती बोलतं. कोण बोललं? ज्याला पणजीची वस्ती माहीत नाही असा माणूस तुमच्या बैठकीत बसतो आणि जगाची यादी ठरवतो, याचा मला वीट आला आहे. त्याचं नाव कळव. मी त्याला वेगळं पत्र लिहितो, तुला मध्ये घेणार नाही.

मामा

*

नाशिक, १२ ऑगस्ट २०२४

मामा,

तुमचं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. लाखाची अट गेली. पणजी, कोहिमा, मॉंटपेलियर, सगळे राहिले. कोण बोललं होतं ते आता जाऊ द्या, त्याने चूक मान्य केली आहे.

पण पानांचं गणित तसंच उरलं. ज्या शिकवणी वर्गांतून पुस्तकाची मोठी मागणी येते त्यांनी कळवलं की परीक्षेत भारत, अमेरिका, युरोप, चीन, ऑस्ट्रेलिया एवढंच विचारतात. मग ठरलं की आफ्रिका आणि महासागरांतले बेटांचे देश यांच्या प्रांतांच्या राजधान्या या आवृत्तीत घ्यायच्या नाहीत. बैठकीत कोणीतरी म्हणालं, "तिथून तक्रार करायला कोण येणार आहे?" सगळे हसले.

मनीषा संगणकापाशी बसली होती. तिने विचारलं, "एकेक नाव काढू, की अख्खा देश सिलेक्ट करून काढू?" ललितशेठ म्हणाले, "देशच उडव, वेळ कशाला घालवतेस." तिने उडवले. एकेका कळीसरशी एकेक देश. दहा मिनिटंही लागली नाहीत. तुमच्या तपासलेल्या तारखांसकट गेले. घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. तोंडात काहीतरी आंबलेलं असल्यासारखं दोन दिवस वाटत होतं.

मुखपृष्ठावर मात्र "संपूर्ण जग" असंच राहणार आहे. मी विरोध केला. बघते काय होतं.

शैला

*

इगतपुरी, १८ ऑगस्ट २०२४

शैला,

तुझं पत्र आल्यापासून मी वह्यांना हात लावलेला नाही. तीन दिवस खिडकीपाशी बसून होतो.

हिरामण तुला आठवतो की नाही कोण जाणे. हरसूलकडचा मुलगा, आमच्या शाळेत वसतिगृहावर राहून शिकला, तुझ्या मागे चारेक वर्षं. पुढे फौजेत गेला. त्याच्या पलटणीला दहाएक वर्षांपूर्वी दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेत पाठवलं होतं. अप्पर नाईल नावाचा प्रांत आहे, त्याची राजधानी मलाकल. यादवीत ते शहर एकदा या बाजूने घेतलं, एकदा त्या बाजूने, असं कितीदा तरी झालं, आणि शेवटी तिथे कोणी उरलं नाही. माणसं पळून शांतिसेनेच्या छावणीत तंबू ठोकून राहिली. हिरामण त्या छावणीच्या फाटकावर होता.

निवृत्त झाल्यावर मला भेटायला आला तेव्हा त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो. "गुरुजी, तिथं एक मास्तर व्हता. तंबूत पोरं शिकवायचा. नकाशा नाय, पुस्तक नाय, काय नाय. मला म्हनला, तुमच्या देशाचं कुठलंबी पुस्तक असू दे, तेच्यात आमच्या गावाचं नाव छापलेलं हाय का बघ. मी म्हनलं, आमची भाषा तुला यायची नाय. तर म्हनला, तू वाच अन् बोट ठेव. पोरांना दाखवीन का हे बघा, गाव जळलं पर नाव हाय."

हिरामणने तेव्हा मला तिथून पत्र टाकलं होतं. मी तुमचीच सूची उघडली. देश होता, राजधानी जुबा होती, मलाकल नव्हतं. मी त्याला कळवलं की छापलेलं नाही, पण माझ्या वहीत आहे. वहीतलं नाव त्या मास्तराच्या काय कामाचं.

आता तू म्हणतेस, तिथून तक्रार करायला कोण येणार, असं कोणीतरी म्हणालं. बरोबर आहे. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठीच तर संदर्भग्रंथ असतो. ज्याला आरडाओरडा करता येतो त्याचं नाव कुठेही छापून येतं.

हे त्या बैठकीत वाचून दाखव. आणि हसणाऱ्यांचे चेहरे बघून मला कळव.

मामा

*

नाशिक, २६ ऑगस्ट २०२४

मामा,

तुमचं पत्र ललितशेठना एकट्यांना वाचायला दिलं. बैठकीत वाचलं असतं तर तमाशा झाला असता. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "शैलाताई, मामांचं मन राखू. ते एक गाव घाला."

तेव्हा मलाकल येतंय. दक्षिण सुदानच्या ओळीत अप्पर नाईल, मलाकल, असं स्पष्ट छापलं जाईल. हिरामणला एक प्रत मी स्वतः नेऊन देईन, हरसूलच्या आठवडी बाजाराच्या दिवशी. बाकीचं आता सुटून जाऊ द्या. सगळं मिळत नाही, पण जे तुमच्या मनात होतं ते मिळालं, याचं मला समाधान आहे.

सोबत तुमच्या विभागाची मुद्रितं पाठवते आहे. आठ दिवसांत तपासून द्याल का? ऑफिसमधून घाईत गठ्ठा बांधला आहे, काही राहिलं असेल तर कळवा.

शैला

*

इगतपुरी, ३० ऑगस्ट २०२४

शैला,

गठ्ठ्यात काही राहिलं नव्हतं. उलट दोन कागद जास्त आले. तुमच्या बैठकांची टिपणं, मुद्रितांच्या मध्ये अडकलेली. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे मला कळतं. तुझं नाव दिसलं म्हणून वाचले.

पहिल्यात लिहिलं आहे: "एक लाखाखालील वस्तीची नावे वगळावीत अशी सूचना शैलाताईंनी मांडली." दुसऱ्यात: "आफ्रिका व बेटे वगळण्यास हरकत नाही, तेथून तक्रार करायला कोण येणार, असे शैलाताई म्हणाल्या. सर्वानुमते मान्य."

म्हणजे ज्या माणसाला मी पत्र लिहिणार होतो त्याला मी जूनपासून लिहीतच होतो.

पण हे दोन कागद आले नसते तरी मी हेच पत्र लिहिलं असतं, कारण मला खरी शिसारी तुझ्या शेवटच्या पत्राची आली. मलाकल घालतो, बाकीचं सोडा. मी एका गावाचा सौदा करायला बसलो आहे असं तुला वाटलं. त्या मास्तराची गोष्ट मी तुम्हाला दया यावी म्हणून सांगितली नव्हती. त्याच्या शेजारच्या प्रांतातही एक मास्तर असेल, त्याची गोष्ट मला माहीत नाही, म्हणून त्याचं गाव गाळायचं? गोष्ट सांगणारा हिरामण ज्याला भेटला ते गाव आत, आणि न भेटलेलं बाहेर. लाखाची अट यापेक्षा बरी होती. ती निदान आंधळी होती.

मलाकल काढ. माझं नाव काढ. मुद्रितं न तपासता परत पाठवतो आहे. त्यांवर हात ठेवला तरी हात धुवावासा वाटतो.

पत्र पाठवू नकोस.

मामा

*

नाशिक, १८ नोव्हेंबर २०२४

मामा,

पाठवू नकोस म्हणालात, तरी पाठवते आहे. न वाचता ठेवलंत तरी चालेल.

ते शब्द माझेच होते. दोन्ही वेळा. एक लाखाची सूचना मी मांडली, कारण पानांवरून बैठक तीन तास अडली होती आणि मला ती संपवायची होती. पणजीची वस्ती मला माहीत होती, मामा. तुम्हीच शिकवली होती. मला वाटलं, त्यांच्या लक्षात येणार नाही आणि नंतर मी हळूच पणजी आत घेईन.

दुसऱ्या वेळी तर काही अडलंही नव्हतं. ललितशेठ म्हणाले, आफ्रिकेचं करायचं काय? आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. सगळे हसले. ललितशेठ माझ्याकडे बघून हसले, शाबासकी दिल्यासारखे. खरं सांगते, मला ते हसू आवडलं. एकवीस वर्षांत त्या खोलीत माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं. मनीषाने देश उडवायला सुरुवात केली तेव्हा मला कळलं मी काय बोलले. मग घरी येऊन तुम्हाला लिहिताना "कोणीतरी म्हणालं" असं लिहिलं. जेवण गेलं नाही हे खरं होतं. कोणामुळे ते लपवलं.

पुढचं सांगते. तुमचं नाव काढलं, मलाकल काढलं. "संपूर्ण जग" काढायला ललितशेठ तयार झाले नाहीत. मग शेवटची मुद्रितं माझ्या सहीने जातात याचा मी फायदा घेतला. विभागाच्या सुरुवातीला एक जास्तीचं पान घातलं. त्यावर गाळलेल्या सगळ्या देशांची नावं, आणि खाली एक ओळ: "या देशांच्या प्रांतांच्या राजधान्या उपलब्ध होत्या आणि तपासलेल्या होत्या. त्या आम्ही आमच्या निर्णयाने गाळल्या." मनीषाने ते लावलं. तिने फक्त विचारलं, "मॅडम, सरांना माहीत हाय का?" मी म्हणाले, नाही. तिने मान हलवली आणि पान लावलं.

ललितशेठना ते कळलं तेव्हा पुस्तकं बांधून झाली होती. सातपूरच्या बांधणीखान्यात मला बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही घातलंय, तुम्हीच काढा. मनीषा मदत करेल." दोघींच्या हातात ब्लेडं दिली. प्रत उघडायची, शिवणीपासून बोटभर सोडून पान कापायचं, प्रत मिटायची. समोर थप्प्या होत्या.

मी कापली, मामा. सकाळपासून दुपारच्या डब्यापर्यंत कापत होते. किती ते आठवत नाही. पहिली दहा कापताना प्रत्येक पानावरची ती ओळ वाचत होते. नंतर वाचणं थांबलं, हात सफाईने चालायला लागला, आणि मनीषाशी मी भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागले. ते स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि ब्लेड ठेवलं. कापण्याची नाही, त्या सरावाची मला इतकी घाण वाटली की नळावर जाऊन ओकले.

परत येऊन मनीषाला म्हणाले, "चल, आपण दोघी जाऊ. मी राजीनामा देते, तूही दे."

ती वर न बघता म्हणाली, "मॅडम, तुमचे मिस्टर बँकेत हाईत. मला घर चालवायचंय. तुम्ही जा."

"मग उरलेली तू एकटीच कापणार?"

"कोणीतरी कापणारच ना. देश मीच उडवले, पानबी मीच काढते."

मी गेले. राजीनामा दिला. पुस्तक बाजारात आहे, मेनरोडच्या दुकानात दर्शनी मांडलं आहे. कापलेल्या पानाच्या जागी आत एक बारीक पट्टी उरली आहे, बोटाला लागते. सोबत एक प्रत पाठवते. तुमच्या मेहनतीचं काय झालं ते तुम्ही बघायला हवं असं वाटलं. हे शिक्षा म्हणून नाही, आणि माफी मिळावी म्हणूनही नाही.

शैला

*

इगतपुरी, २ डिसेंबर २०२४

शैला,

पत्र वाचलं. प्रतही तपासली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिच्यात जी नावं आहेत ती सगळी बरोबर आहेत. अल्बनी आहे, क्वीबेक आहे. ते काम तुझं आहे आणि नीट केलेलं आहे, तेवढं म्हणायला हवं.

नोकरी सोडलीस त्याबद्दल शाबासकी देत नाही. मनीषाला तिथे सोडून आलीस, हे तू स्वतःच इतकं स्पष्ट लिहिलं आहेस की मी वेगळं काही बोलत नाही. तिला दुसरीकडे काम बघून दे. माझे दोन विद्यार्थी छापखान्यांत आहेत, त्यांना मी लिहिलं आहे. त्यांचे पत्ते मागच्या बाजूला आहेत. तू स्वतः जाऊन भेट.

आता माझं. हे लिहायला मला दहा-बारा दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर.

तुझी प्रत तपासताना मी माझ्या वह्या शेजारी ठेवल्या होत्या. तेव्हा जे मला जूनपासून माहीत होतं ते परत नजरेखालून गेलं. मी पाठवलेल्या यादीत अकरा नावं नव्हती. तुम्ही गाळायच्या आधी मी गाळली होती. जिथे दोन देश एकाच प्रांतावर हक्क सांगतात, किंवा एकाच प्रांताला एक सरकार एक राजधानी म्हणतं आणि दुसरं दुसरी, असे ते प्रांत आहेत. शंका असेल तिथे तळटीप टाकायची हा नियम मीच तुला लिहून दिला होता. अकरा तळटीपा टाकायच्या होत्या. मी त्या टाकल्या नाहीत. ती पानं वहीतून उतरवताना सरळ ओलांडून पुढे गेलो.

का, तेही लिहितो. मला भीती वाटली. कोणी वर्तमानपत्रात देईल, कोणी शाळेच्या दारात घोषणा देईल, माझ्या पेन्शनच्या वयात पोलीस चौकीत बोलावतील. तुम्ही आफ्रिका गाळलीत कारण तिथून कोणी तक्रार करणार नाही. मी अकरा गाळली कारण तिथून तक्रार होईल. दोन्हीकडे यादी तक्रार बघूनच ठरली. फरक एवढाच की तुझ्या बैठकीची टिपणं कोणीतरी ठेवली. माझी बैठक एकट्याची होती.

आणि एवढं करून मी तुला त्या मास्तराची गोष्ट लिहिली. तुझ्या मुद्रितांवर हात ठेवला तर हात धुवावासा वाटतो, असं लिहिलं. ती वाक्यं मी आता परत वाचू शकत नाही. त्या दिवशी मला स्वतःबद्दल थोडीही शंका आली नव्हती. त्याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटते.

गुरुवारी बसून ती अकराही नावं लिहून काढली. प्रत्येकाखाली तळटीप आहे: कोण काय म्हणतं, कोणत्या कायद्याने, कोणत्या सालापासून. कुठेही मी निकाल दिलेला नाही, पण कुठेही ओलांडूनही गेलेलो नाही.

कागद सोबत आहे. गाळलेल्या देशांच्या सगळ्या याद्याही पुन्हा उतरवून जोडल्या आहेत. कोणी छापत असेल तर छापून घे. कोणी छापत नसेल तर झेरॉक्स काढून वाचनालयांत ठेव. कोणी विचारलं की हे कोणी ठरवलं, तर "कोणीतरी" म्हणू नकोस. शेवटच्या पानावर मी सही केली आहे. पत्ताही घातला आहे.

ढुंढिराज विनायक गायधनी
निवृत्त भूगोल शिक्षक, इगतपुरी